रजेच्या नियमांत बदल
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शिकवतो त्या संस्थेत एका सकाळी सगळ्यांना मेल आली : 'रजेच्या नियमांत बदल. तपशिलासाठी येथे क्लिक करा.' माझी अर्जित रजा बरीच साठलेली. मी क्लिक केलं. पडद्यावर लाल चौकट आली, 'ही चाचणी होती, तुम्ही फसलात', आणि खाली एक धडा. मी संगणकशास्त्र शिकवतो, हे आत्ताच परिचयात तुम्हाला सांगितलं गेलं आहे. तो धडा मी वाचला का? नाही. कुणी बघत नाही ना, एवढी खात्री केली आणि खिडकी बंद केली.

त्या लाल चौकटीचं मूळ अमेरिकेत, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आहे. लॉरी क्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली तिथे 'अँटी-फिशिंग फिल' नावाचा एक खेळ केला. फिशिंग म्हणजे खोट्या मेलचा नाहीतर खोट्या वेबसाइटचा गळ टाकून माणसाला फसवणं. फिल हा कोवळा मासा. समोर गांडूळ येतं, त्यावर एखाद्या वेबसाइटचा पत्ता असतो. पत्ता खरा असेल तर खायचं, खोटा असेल तर सोडायचं, कारण आत गळ. शिकवायला फिलचा बाप. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या, की खेळ संपला.

बापाची शिकवण आपणही घेऊन ठेवू. पत्ता सुरुवातीकडून वाचू नका. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघांची जोडी सोडा आणि त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ कुठे आहे ते शोधा. तिच्या लगेच डावीकडे, डॉट कॉम किंवा डॉट इनला चिकटून जे नाव आहे, घर त्याचं. त्याच्याही आधी तुमच्या बँकेचं नाव दहा वेळा लिहिलेलं असलं, तरी ती दुसऱ्याच्या दारावर लावलेली पाटी.

खेळणाऱ्यांना खोटे पत्ते जास्त ओळखता येऊ लागले. त्याच चमूतले पोन्नुरंगम कुमारगुरू (आता ते हैदराबादच्या आयआयआयटीत प्राध्यापक आहेत) यांचं म्हणणं असं, की माणूस फसतो त्याच क्षणी त्याला शिकवावं. मुद्दाम खोटी मेल पाठवायची, क्लिक केलं की धडा दाखवायचा. विद्यापीठातल्याच 515 जणांवर प्रयोग झाला आणि 28 दिवसांनीही शिकलेलं टिकलेलं दिसलं. या संशोधनातून 2008 साली कंपनी निघाली. दहा वर्षांनी ती 22 कोटी 50 लाख डॉलरला विकली गेली. आज कचेऱ्या-कचेऱ्यांतून अशा चाचण्या होतात.

मग झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने एका मोठ्या कंपनीतले 14 हजारांहून जास्त कर्मचारी 15 महिने पाहिले. क्लिक केल्यावर धडा दाखवलेले लोक सावध झाले नाहीत. उलट ते जास्त फसताना दिसले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या रुग्णसेवेतल्या 19 हजार 500 जणांना आठ महिन्यांत दहा खोट्या मेल गेल्या. धडा मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक किती? 1.7 टक्के. तीन चतुर्थांश लोक धड्यावर मिनिटभरही थांबले नव्हते. हे वाचून मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

त्यातला आणखी एक आकडा बघा. 'आउटलुकचा पासवर्ड बदला' या मेलवर 1.82 टक्के लोकांनी क्लिक केलं. सुट्ट्यांच्या धोरणात बदल झाल्याच्या मेलवर 30.8 टक्के! माणसं तीच, शिक्षण तेच. खेळायला बसलेला माणूस गळ शोधायलाच बसलेला असतो. टेबलाशी बसलेला कारकून बिलं काढायला बसलेला असतो, आणि मेल उघडणं हेच त्याचं काम आहे. त्याने आठ तास डोळ्यांत तेल घालून बसावं ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.

म्हणून ओझं हत्याराने उचलावं. आपल्याकडे वर्षानुवर्षं बजावलं जातं, ओटीपी कुणाला सांगू नका. तरी भलीभली माणसं फोनवर सांगून मोकळी होतात, कारण सांगता येतो. पासकीचं, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायच्या डिजिटल किल्लीचं, तसं नाही. तिचं गुपित साइटला कधी दिलंच जात नाही आणि ज्या साइटसाठी ती बनली, त्याच साइटला ती उत्तर देते. हुबेहूब बँकेसारखं पान समोर आलं तरी पत्ता निराळा म्हणून गप्प बसते. आकडाच नाही, तर वाचून काय दाखवणार? फिलच्या बापाचं काम इथे यंत्र करतं, न कंटाळता.

मात्र झुरिकच्या त्याच अभ्यासात माणसांची बाजू घेणारी एक गोष्ट निघाली. त्यांनी मेलमध्ये 'संशयास्पद' असं कळवायचं बटण दिलं होतं. सगळे कळवत नव्हते, पण जे थोडे कळवत ते झटपट कळवत, आणि महिनोन् महिने कळवत राहिले. नव्या फसवणुकीचा सुगावा लागायला तेवढ्यांवर भागत होतं.

आमच्याकडे तसं बटण नव्हतं. त्या सकाळी आस्थापना विभागातल्या एक बाई खुर्चीतून उठल्या आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, रजेची मेल कुणी उघडू नका, रजेचं परिपत्रक माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय निघतच नाही!" मी तोवर दाराशी पोचलो होतो. मान हलवली आणि चहाला गेलो.