गुण मिळाले, कागद राहिले

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आज येथे दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. हार घातले गेले, बक्षिसे दिली गेली, टाळ्या वाजल्या. हे सर्व योग्यच झाले. परंतु दरवर्षी अशा समारंभातून घरी परतताना एक प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. ज्यांच्या गळ्यात आज हार पडले, त्यांतील किती मुले-मुली पाच वर्षांनी पदवी हातात घेऊन उभी असतील?

इल्मचे महत्त्व मी आपणास सांगावे असे नाही. ते आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतोच. मी आज एक हिशोब मांडणार आहे. सच्चर समितीने २००६ साली आपला अहवाल दिला. त्यात २००१ च्या जनगणनेचे आकडे आहेत. मुसलमानांतील साक्षरता ५९ टक्के होती आणि साऱ्या देशाची सुमारे ६५ टक्के. म्हणजे अंतर सहा टक्क्यांचे. पण वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविका घेतलेले देशात सुमारे सात टक्के होते, तर मुसलमानांत चारही टक्के नव्हते. मंडळी, याचा अर्थ काय? आपली मुले शाळेच्या दारातून आत जातात. ती कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचत नाहीत. गळती वाटेत होते. ही वाटेतली गळती कोठे होते, तेवढेच मी आज सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच गोंदियातील एका राईस मिलमध्ये हमाली करणाऱ्या गृहस्थांची मुलगी. आई घरी बिड्या वळीत असे. मुलीने बारावी विज्ञान उत्तम गुणांनी पार केली, सीईटीतही चांगले गुण मिळविले. तिला औषधनिर्माणशास्त्राला जायचे होते आणि मागासवर्गीय जागेवर तिचा नंबर लागत होता. तेव्हा जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर आणि जात पडताळणी यांची मागणी झाली. घरात यांतले काहीच नव्हते. आजोबांचा शाळेचा जुना दाखला मोठ्या कष्टाने सापडला, तर त्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मुसलमान'. बाप मजुरी बुडवून तीन आठवडे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरला. तोवर प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या. खुल्या जागेची फी त्या घराला झेपणारी नव्हती. मुलगी वर्षभर आईशेजारी बसून बिड्या वळीत राहिली. पुढच्या उन्हाळ्यात कागद तयार झाले. पण तोवर तिचे लग्नही ठरले होते.

तिचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, बेटीने तिचे काम केले. माझेच राहिले." मला त्यांच्या डोळ्यांकडे पाहवले नाही. कारण त्या वर्षी तिच्या सत्काराच्या वेळी मी व्यासपीठावर बसलो होतो. टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. "बेटी, तुझे कागद तयार आहेत काय?" एवढा साधा प्रश्न मी विचारला नाही. आज तिच्या धाकट्या भावाला त्याच पडताळणीचा आधार मिळाला आणि तो कॉलेजात शिकतो आहे. कागद बहिणीचा आणि शिक्षण भावाचे, असा तो प्रकार झाला.

म्हणून पालकांनो, माझे पहिले सांगणे असे की कागदांचे काम निकालानंतर सुरू करू नका, नववीत सुरू करा. मोमीन, पिंजारी, तांबोळी, मणियार अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. या वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या रहिवासाचा व जातीचा पुरावा लागतो. तो आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, कोतवाल पंजीत किंवा जुन्या खरेदीखतात शोधावा लागतो. त्यावर नुसते 'मुसलमान' लिहिलेले असेल तर व्यवसाय दाखविणारा दुसरा जुना कागद पाहावा लागतो. हे काम तीन आठवड्यांत होत नाही, त्याला महिने लागतात. विज्ञान शाखेच्या मुलांनी पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करून टाकावा. नॉन-क्रिमिलेयर आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या मुदतीची तारीख दरवर्षी तपासावी.

ज्यांची जमात कोणत्याच यादीत नाही, त्यांनीही निराश होऊ नये. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के जागा आहेत आणि त्या खुल्या प्रवर्गातील गरीब मुसलमानालाही मिळतात. हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मुस्लिमांसाठी शिक्षणात पाच टक्के जागांचा २०१४ चा अध्यादेश कायद्यात रूपांतरित न होता संपला. त्याविषयी मागणी करणे हा आपला हक्क आहे. परंतु मागणीची वाट पाहत हातात असलेली जागा सोडणे हे शहाणपण नव्हे.

आणखी एक बारीक गोष्ट. नावे एकसारखी ठेवा. एका कागदावर 'शेख' पूर्ण, दुसऱ्यावर नुसते 'शे.', आधारवर वडिलांचे नाव एक आणि शाळेत दुसरे, असे असले की संगणक ते दोन माणसे समजतो. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते. नावात फरक पडला की पैसे अडकतात.

आता पैशांविषयी. गरिबांसाठी योजना नाहीत असे नाही. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण खात्याकडून शिक्षणासाठी साहाय्य मिळते, पण त्यासाठी आईजवळ बिडी कामगाराचे ओळखपत्र हवे. गवंडी, रंगारी, फरशी बसविणारे यांनी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला देऊन बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली, तर त्यांच्या पहिल्या दोन मुलांना अकरावी-बारावीला वर्षाला १०,००० रुपये, पदवीला २०,०००, अभियांत्रिकीला ६०,००० आणि वैद्यकीय शिक्षणाला १,००,००० रुपये मिळतात. आपल्या मोहल्ल्यात असे किती कारागीर आहेत आणि त्यांतील किती जणांची नोंदणी आहे? उत्तर आपणच आपल्याला द्यावे. शिवाय २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील इतर मागासवर्गीय व आर्थिक दुर्बल गटातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी शासनाने पूर्ण माफ केली आहे. त्या हमालाच्या मुलीच्या वेळी हे नव्हते. आज आहे, पण तेच कागद आजही लागतात.

तरीही एक अडचण उरते. शिष्यवृत्ती मागाहून येते आणि खर्च जुलैत उभा राहतो. प्रवेशाची रक्कम, पुस्तके, वसतिगृहाची अनामत, नागपूरचे भाडे. देवरी-सालेकसा भागातील मुलीला बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो. पुढे तोही नसतो. पाच-सात हजारांसाठी मूल घरी बसते, आणि एकदा घरी बसलेले मूल, विशेषतः मुलगी, पुन्हा उठत नाही.

यावर उपाय नवा नाही. १८९० साली अलीगढच्या विद्यार्थ्यांनी अंजुमन-अल-फर्ज स्थापन केली आणि सुट्टीत गावोगाव हिंडून आपल्या गरीब सहाध्यायांसाठी निधी जमविला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले आणि मुस्लिम विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. शाळा काढून थांबायचे नसते, मुलाला पुढच्या दारापर्यंत पोहोचवायचे असते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्या गावातही १९५८ साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली, म्हणून येथील मुलांना कॉलेज घराजवळ मिळाले. दार जवळ आले आहे. आता हात धरून नेणारे हवेत.

संस्थेपुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, नववीत येणाऱ्या प्रत्येक मुलाची एक कागदांची फाईल शाळेने उघडावी आणि कोणता कागद कमी आहे ते पालकाला लेखी कळवावे. दुसरी, मे ते ऑगस्ट रोज संध्याकाळी शाळेत एक टेबल मांडावे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्ज कसा भरावा, कॉलेजांचा पसंतिक्रम कसा लावावा, हे सांगायला कॉलेजात शिकणारी आपलीच मुले तेथे बसतील. तिसरी, कर्जे-हसनाचा एक छोटा निधी असावा. जुलैत त्यातून रक्कम द्यावी, शिष्यवृत्ती आली की ती परत यावी आणि पुढच्या मुलाच्या कामी लागावी. या निधीची सुरुवात म्हणून माझ्या एका महिन्याच्या पेन्शनची रक्कम मी आज अध्यक्षांकडे देत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आपले काम केले आहे. आता पाळी आमची आहे. पुढील वर्षी आपण पुन्हा येथे जमू, पुन्हा हार घालू. परंतु हार घालताना प्रत्येकाने त्या मुलाच्या कानाशी वाकून एवढे जरूर विचारावे, "तुझे कागद तयार आहेत ना?"