काळे लोखंड पांढरे का होते?

आज मी गोल्फच्या काठीबद्दल बोलणार आहे, असे म्हटले की तुमच्यापैकी निम्मे लोक रेडिओ बंद करायला उठतील. जरा थांबा. खेळ साहेबलोकांचा खरा, पण हा विषय माझ्या दारात आला तो एका शेतमजुराच्या पोरामुळे. आणि त्या काठीचे लोखंड तुमच्या विळ्या-खुरप्याच्या लोखंडाचेच भावंड आहे.

माझा एक जुना विद्यार्थी, आता वीस वर्षांचा, एका गोल्फच्या मैदानावर कॅडीचे काम करतो. कॅडी म्हणजे खेळणाराची पिशवी खांद्यावर घेऊन मागे चालणारा, काठ्या पुसून हातात देणारा, गवतात गेलेला चेंडू हुडकणारा गडी. नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात. ओझे काही कमी नसते.

एके संध्याकाळी तो उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, माझी तीन दिवसांची मजुरी कापली. काठीचा काळा रंग मी घासून काढला म्हणतात. ओल्या फडक्याशिवाय मी तिला काही लावलं असेल तर सांगा!" साहेबांचे म्हणणे असे, की याने घरची तांब्याची भांडी घासावी तशी चिंच लावली असणार, नाही तर एमरी कापड तरी फिरवले असणार. काठ्या नव्या, महागाच्या आणि कोळशासारख्या काळ्या होत्या. चार महिन्यांत एकीच्या तोंडावर रुपयाएवढा पांढरा डाग पडला होता.

आता हा काळेपणा म्हणजे काय, ते आधी पाहू. गोल्फची लोखंडी काठी म्हणजे लांब नळीच्या टोकाला बसवलेले तिरके पाते. ते कधी साध्या मऊ पोलादाचे घडवतात, कधी न गंजणाऱ्या पोलादाचे ओततात. पुष्कळ पात्यांवर क्रोमचा मुलामा असतो. पण तो उन्हात डोळ्यांवर चमकतो, म्हणून काहींना काळे पाते पसंत पडते. काहींना ते नुसते ऐटबाज वाटते, हेही खरे.

हा काळा रंग डब्यातला नव्हे. एका रीतीत पोलाद कॉस्टिक सोडा आणि सोऱ्याच्या जातीचे क्षार यांच्या उकळत्या पाण्यात बुडवतात. हे पाणी साधारण १४० अंशांवर उकळत असते. त्यात लोखंडाच्या वरच्या कातडीचाच प्राणवायूशी संयोग होऊन काळा ऑक्साइड तयार होतो. रसायनाच्या दृष्टीने लोहचुंबकाचा दगड आणि हा थर एकच. तुमच्या लोहाराच्या भट्टीतून निघालेल्या फाळावरची काळी खपली, तीही याच कुळातली. दुसऱ्या रीतीत पाते निर्वात पेटीत ठेवून त्यावर धातूच्या वाफेचा कठीण थर बसवतात. तिसऱ्या रीतीत हिऱ्याच्या जवळपास पोचणारा कर्बाचा थर देतात.

थर कोणताही असो, त्याची जाडी असते एक-दोन, फार तर चार-पाच मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे केसाचे उभे वीस-पंचवीस काप करावेत आणि त्यातला एक पात्यावर पसरावा, एवढे हे पांघरूण.

त्याच्यासमोर उभी असते वाळू. गोल्फच्या मैदानात मुद्दाम वाळूचे खड्डे केलेले असतात आणि चेंडू त्यात गेला की पाते वाळूतून ओढूनच तो काढावा लागतो. वाळूतला गारेचा कण मऊ पोलादापेक्षा कठीण. शिक्षकबंधूंनी गारगोटी घेऊन खिळ्यावर ओढून पाहावी, ओरखडा लगेच दिसेल. चेंडू वरून प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असतो, तो बिचारा काही खरवडत नाही. त्याच्या आणि पात्याच्या मध्ये सापडलेली रेती खरवडते.

मग हिऱ्यासारखा कठीण थर तरी टिकावा की नाही? तो घासून लवकर जात नाही, पण फुटतो. पावसाच्या सरीनंतर उन्हाने शेतात मातीवर कडक पोपडा धरतो आणि खाली जमीन मऊ असते. पाय पडला की पोपडा मोडतो. तसेच येथे. दगड लागला, खालचे पोलाद दबले, की वरच्या थराचा टवका उडतो.

एवढे समजून घेऊन मी त्या मुलाबरोबर मैदानावर गेलो. साहेब सभ्य होते. काठी हातात दिली. मी तीन गोष्टी दाखवल्या. चिंचेचे आंबट पाणी लोखंडाचा काळा ऑक्साइड खाते हे खरे, पण पाणी सगळीकडे शिरते. पात्यावरच्या बारीक खाचा आणि मागचा आकडा, सगळेच फिके पडले असते. येथे खाचांच्या पोटात काजळ शाबूत होते. एमरी कापड फिरवले असते तर टोकापासून दांड्यापर्यंत एका दिशेच्या बारीक रेघा दिसल्या असत्या. येथे पांढरे होते ते नेमके चेंडू लागतो तेथे, तळाच्या कडेला, आणि शेजारच्या काठ्या आपटतात त्या खांद्यावर. तिसरी गोष्ट मला सर्वांत पक्की वाटते. वाळूत वापरायची काठी पांढरी पडली होती, आणि क्वचित बाहेर निघणारी लांब काठी नव्यासारखी काळी होती. दोन्ही पुसणारा हात एकच, फडके एकच!

गंमत पाहा. शंभर वर्षांमागे क्रोमचा मुलामा रूढ नव्हता, पाती गंजत, आणि ती एमरी कापडाने घासून लखलखीत ठेवणे हे कॅडीचेच काम असे. तेव्हा घासले नाही म्हणून बोलणी, आता घासले म्हणून.

या झिजेने खेळ बिघडतो का? नाही. एवढ्याशा थराने वजनात फरक पडत नाही. खाचा बोथट झाल्या तर ती निराळी तक्रार. पाते साध्या पोलादाचे असेल तर उघड्या जागी गंज धरेल. कोरडे पुसून तेलाचा हलका हात दिला की झाले. खुरप्याला आपण हेच करतो, आणि त्याची धार पांढरी झाली म्हणून कुणी गड्याची मजुरी कापत नाही.

शाळेत हे दाखवायचे तर साधे काळे खिळे घ्या, जस्ताचा मुलामा दिलेले नकोत. शिक्षकांनी स्वतः ते चिमट्यात धरून तापवावेत, जवसाच्या तेलाचा पुसट हात द्यावा, पुन्हा तापवावे, काळे होतील. थंड झाल्यावर निम्मे खिळे भरड वाळूसह डब्यात घालून मुलांकडून पाळीपाळीने खूप हलवून घ्यावेत. उरलेले चिंचेच्या पाण्यात रात्रभर ठेवावेत. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी मांडा आणि कोणते कशाने पांढरे झाले ते मुलांनाच ओळखू द्या.

साहेबांनी दोन दिवसांची मजुरी तेथेच परत केली. तिसऱ्या दिवसाची राहिली ती राहिली. मीही फार ताणले नाही, मुलाला तेथेच काम करायचे होते. आता तो नवी पिशवी खांद्यावर घेण्याआधी एकेक काठी बाहेर काढून, कुठे पांढरे आहे ते मालकाला दाखवतो आणि मगच चालू लागतो.