होडी घासावी, सोलू नये

पाऊस लागला की सिंधुदुर्ग किल्ल्याकडची होडीवाहतूक बंद होते. मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावरच्या प्रवासी होड्या वर ओढून माडांखाली झाकून ठेवतात. आम्हा होडीवाल्यांना डागडुजीला हेच दिवस मिळतात. अशाच एका पावसाळ्यात मी माझी अठरा फुटी फायबरची होडी हातानं घासून पुन्हा निळी केली. आज ते कसं केलं आणि आधी काय बिघडवलं, ते सांगणार आहे.

होडी कर्ज काढून घेतली तेव्हा तिचा निळा रंग डोळ्यांत भरायचा. सात उन्हाळ्यांनी तो दुधात पाणी घातल्यासारखा झाला. हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागायची. एकदा एक कुटुंब होडीपाशी आलं, त्यातल्या आजींनी नीट पाहिलं, म्हणाल्या, "ही जुनी दिसते, दुसरी बघू." इंजिन उत्तम, तळ ठणठणीत, जीवरक्षक जाकिटं नवी, पण गिऱ्हाईक गेलं ते रंगामुळे.

फायबरच्या होडीचा हा रंग घराच्या भिंतीसारखा वरून दिलेला नसतो. होडी साच्यात बनते. साच्यात सगळ्यात आधी रंग मिसळलेल्या रेझिनचा थर देतात, त्याला जेलकोट म्हणतात. त्यावर काचतंतूंचे थर आणि रेझिन चढवत जातात. साच्यातून होडी बाहेर काढली की पहिला थर सर्वांत बाहेर येतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाइतकी. होडीचं रूप त्या नखाएवढ्या थरात असतं आणि आतल्या काचतंतूंना पाण्यापासून राखणाराही तोच.

उन्हातले अतिनील किरण या थराचा वरचा पापुद्रा हळूहळू मोडतात. पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, त्यावर प्रकाश विखुरतो आणि निळा रंग पांढुरका दिसतो. निळ्या-लाल होड्यांवर हे पांढऱ्या होडीपेक्षा लवकर नजरेत भरतं. एक सोपी परीक्षा आहे. फिक्या जागेवर पाणी टाका. ओलं असेपर्यंत मूळ रंग दिसला, तर खाली थर शाबूत आहे असं समजायला हरकत नाही. पाण्यानं ते खड्डे तात्पुरते भरलेले असतात. काहीजण खोबरेल किंवा डिझेल पुसतात, त्यानंही तेवढंच होतं. चार दिवस चमक, मग त्यावर धूळ.

मला घाई होती. ओळखीतून घासायचं मशीन आणलं आणि नाळेच्या उजव्या अंगाला चालवलं. काका मागे उभे होते. म्हणाले, "अरे, तू होडी घासतंस काय सोलतंस?" मशीन उचललं तर निळ्या रंगाच्या मधोमध तळहाताएवढ्या जागेत काचतंतूंची जाळी दिसत होती. कडा आणि वळणं यांवर थर आधीच पातळ असतो, आणि मशीन तिथेच जास्त दाबलं जातं. उघड्या पडलेल्या जाळीवर पॉलिश चालत नाही. तिथे नवा जेलकोटच भरावा लागतो. तो कारागिराकडून भरून घेतला, पण जुन्या उन्हाळलेल्या रंगाशी नवा रंग तंतोतंत जुळला नाही.

उरलेली होडी मी हातानं केली. नऊ दिवस लागले.

आधी गोड्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुतली, कारण मिठाचे कण राहिले तर तेच ओरखडे काढतात. नांगरापाशी गंजाचे डाग होते. ते रबरी हातमोजे घालून ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणानं काढले आणि भरपूर पाण्यानं धुतले. मग एका कोपऱ्यात नुसतं रबिंग कंपाउंड लावून पाहिलं. हा नियम लक्षात ठेवावा: सौम्य उपायापासून सुरुवात करायची. कंपाउंडनं काम भागलं, तर पॉलिश पेपरला हात लावायचा नाही.

माझ्या होडीला पेपर लागला. पाण्यात चालणारा पेपर घ्यावा. त्याचा नंबर जितका मोठा, तितका तो बारीक. मी १००० नंबरनं सुरुवात करून १५०० आणि २००० वर गेलो. पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळावा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांखाली चर पडतात. घासण्याआधी पेन्सिलीनं हलक्या रेघा मारल्या. रेघा पुसल्या की थांबायचं. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची, म्हणजे मागच्याचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. पाणी सतत हवं. त्यानं पेपर तुंबत नाही आणि भुकटी नाकात जात नाही. तरी तोंडाला मास्क असलेला बरा. पाण्याबरोबर निळा चिखल वाहतो. तो पाहून बरं वाटतं, पण तो आपलाच जेलकोट असतो.

मग सुती कापडानं कंपाउंड. एका वेळी दोन-दोन फुटांचाच तुकडा, तोही सावलीत, कारण उन्हात ते लगेच सुकून चिकटतं. त्यानंतर पॉलिश आणि शेवटी वॅक्सचे दोन पातळ हात. वॅक्स म्हणजे उन्हाआधी झिजणारा पहारेकरी. तो दर तीन-चार महिन्यांनी बदलला की आतला थर टिकतो. प्रवासी जिथे पाय ठेवतात तिथे मात्र वॅक्स लावू नये, माणूस घसरतो. पाण्याखालच्या भागालाही त्याचा उपयोग नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी पाऊस थांबला आणि होडीच्या अंगावर माडाचं प्रतिबिंब दिसलं. काकांनी बोट फिरवून पाहिलं, काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच.

तरीही सांगतो, दरवर्षी असं घासू नका. प्रत्येक वेळी चमक येते ती थोडा थर देऊन, आणि तो थर परत येत नाही. दरवर्षी करायचं ते धुणं, वॅक्स आणि झाकण. माझी होडी अजून एक-दोन वेळाच अशी घासता येईल, असं जाणकार म्हणतात. कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत. नाळेवरचा तो तुकडा अजून थोडा गडद दिसतो. प्रवाशांच्या तो लक्षात येत नाही. मी मात्र दर पावसाळ्यात झाकण घालताना आधी तिथूनच सुरुवात करतो.