मिश्री सोडायची, पण कशाच्या बळावर?

(ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांच्या शिबिरातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



गर्भवती स्त्रीने तंबाखूपासून दूर राहावे, हे सांगण्यासाठी आज व्याख्यानाची आवश्यकता उरलेली नाही. दवाखान्याच्या भिंतीवर ते लिहिलेले असते, परिचारिका ते सांगते आणि जिला सांगायचे तिलाही ते बहुधा ठाऊक असते. पोटातील जिवाला अपाय व्हावा अशी इच्छा कोणत्याही मातेची नसते. म्हणजे माहिती आहे, इच्छा आहे. आणि तरीही तंबाखू सुटत नाही. असे जेथे घडते तेथे उपदेशाची मात्रा वाढवीत नेण्यात अर्थ नसतो. अडथळा कोठे आहे, हे शोधावे लागते. आजच्या विवेचनाचा हेतू तेवढाच आहे.

कोणती तंबाखू?

गर्भवती आणि तंबाखू असे म्हटले की सिगारेट ओढणाऱ्या पाश्चात्त्य स्त्रीचे चित्र डोळ्यांसमोर येते. आपल्याकडील वस्तुस्थिती निराळी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील प्रौढ स्त्रियांपैकी २ टक्के स्त्रिया धूम्रपान करीत होत्या, तर १२.८ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखू वापरीत होत्या. १९९० च्या दशकात मुंबईत सुमारे एक लाख लोकांची जी पाहणी झाली, तीत पस्तीस वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांना अशा तंबाखूची सवय असल्याचे आढळले. महाराष्ट्र आणि गोव्यात या सवयीचे प्रमुख रूप म्हणजे मिश्री. तिला कोणी मिसरी म्हणते, कोणी मशेरी.

तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून त्यांची पूड करायची, डबीत भरायची आणि बोटाने दातांना-हिरड्यांना लावायची. पहाटे एकदा, न्याहरीच्या वेळी एकदा, दुपारी काम थांबले की एकदा. मिश्री ही दात घासण्याची वस्तू म्हणून घरात येते. म्हणूनच ती व्यसन समजली जात नाही. जी सासू सुनेच्या हाती विडी पाहून हादरेल, तीच सासू स्वतःच्या डबीतली चिमूट सुनेपुढे करते. दंतमंजनांत व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने गुटखा बंद केला. परंतु आठवड्याच्या बाजारात सुटी पाने घेऊन चुलीवर भाजलेल्या मिश्रीला ना कारखाना, ना वेष्टन, ना वेष्टनावरचे इशारेवजा चित्र. कायद्याचा हात चुलीपर्यंत पोचत नाही.

हानी किती?

गरोदरपणातील धूम्रपान आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांचा संबंध कॅलिफोर्नियातील सिम्पसन यांनी १९५७ साली आकडेवारीने मांडला. त्यानंतर धुराविषयी संशोधन होत राहिले. धूर नसलेल्या तंबाखूविषयी मात्र 'तिने काय होणार?' अशीच समजूत होती. या समजुतीला सर्वांत ठोस उत्तर मुंबईतूनच मिळाले. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील १,२१७ गर्भवतींची नोंद घेऊन त्यांचा प्रसूतीपर्यंत मागोवा घेतला आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील सुमारे १७ टक्के स्त्रिया धूररहित तंबाखू वापरीत होत्या, त्याही प्रामुख्याने मिश्री. अशा स्त्रियांच्या बालकांचे जन्माचे वजन इतरांहून सरासरी १०५ ग्रॅमनी कमी होते आणि त्यांची प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली होती. याच पाहणीतून २००६ साली पुढे आलेला आकडा अधिक विदारक आहे. तंबाखू न वापरणाऱ्या स्त्रियांत मृत बालक जन्मण्याचे प्रमाण शेकडा ३.१ होते, तर वापरणाऱ्यांत ते शेकडा ८.९ होते.

१०५ ग्रॅम म्हणजे काही फार नव्हे, असे एखाद्यास वाटेल. साडेतीन किलोचे मूल शंभर ग्रॅम गमावून सुखरूप राहते. ज्या घरात मूल मुळातच अडीच किलोच्या उंबरठ्यावर जन्मते, त्या घरात हेच शंभर ग्रॅम त्याला उंबरठ्याच्या अलीकडे ढकलतात. एकच हानी गरिबाच्या पदरात अधिक जड होऊन पडते, ती अशी.

याची कारणमीमांसाही अवघड नाही. तंबाखूतील निकोटिन हिरड्यांच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात उतरते, रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि वारेतून गर्भापर्यंत पोचते. धूम्रपानात याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड असतो, तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. मिश्रीत हा वायू नाही. निकोटिन मात्र तेच.

सोडताना काय घडते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील एखाद्या स्त्रीचा दिवस डोळ्यांपुढे आणावा. कारखान्याच्या हंगामात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून दोघांच्या नावे उचल घेतलेली असते आणि ती फेडायची असते. काम चुकले की खाडा आणि खाड्याचा दंड. तिला पाचवा महिना आहे. ती अंधारातच उठते, कोपीबाहेर चूल पेटवते, भाकऱ्या थापते आणि फडावर जाते. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. संध्याकाळी परतल्यावर पाणी, सरपण आणि पुन्हा चूल. सर्वांची जेवणे झाल्यावर भांड्यात जे उरते ते तिचे.

या दिवसात मिश्री काय काम करते? निकोटिन भूक मारते, म्हणून उशिरा आणि अपुरे मिळणारे जेवण सुसह्य होते. दुखऱ्या दाताला घटकाभर बरे वाटते; दाताचा दवाखाना तालुक्याला असतो आणि तेथे जायचे म्हणजे एक खाडा. सकाळी पोट साफ होते, मळमळ दबते, असे बायका सांगतात. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. मिश्री लावायला बसलेल्या बाईला कोणी 'ऊठ' म्हणत नाही. दिवसभरात केवळ तिच्या मालकीची असलेली ती चार-पाच मिनिटे असतात.

अशा स्त्रीला 'सोड' म्हणणे म्हणजे तिची भूक जागी करणे, तिचे दातदुखीचे औषध काढून घेणे आणि तिच्या विसाव्याची सबब हिरावणे होय. त्यात निकोटिनच्या सवयीचा स्वतःचा जाच असतोच. सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत डोके दुखते, चिडचिड होते, झोप उडते, पोट साफ होत नाही. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतो. गर्भवतीच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती फारशी कोणास माहीत नसते. गरोदरपणात शरीर निकोटिनचा निचरा नेहमीपेक्षा अधिक वेगाने करते. म्हणजे जी तलफ पूर्वी चार तासांनी येई ती आता लवकर येते. दिवस गेल्यावर मिश्री वाढली, तर त्याला केवळ मनाचा दुबळेपणा म्हणून चालणार नाही. औषधांचा आधारही तिला नाही. व्यसन सोडण्यास इतरांना दिली जाणारी ब्युप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन यांसारखी औषधे गर्भवतीला देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. तिच्यासाठी उरतो तो माणसांचाच आधार.

ग्लासगोचा प्रयोग

या संदर्भात स्कॉटलंडमधील ग्लासगो या कामगारवस्तीच्या शहरात झालेला प्रयोग विचार करण्याजोगा आहे. धूम्रपान करणाऱ्या ६१२ गर्भवतींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले गेले. नेहमीचा सल्ला आणि उपचार दोन्ही गटांस मिळाले. एका गटाला त्याखेरीज, धूम्रपान सोडल्याची शारीरिक तपासणीने खात्री पटल्यावर, टप्प्याटप्प्याने एकूण चारशे पौंडांपर्यंतची खरेदीची कुपने मिळाली. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ सल्ला मिळालेल्या गटात गरोदरपणाच्या अखेरीस ८.६ टक्के स्त्रियांनी धूम्रपान सोडले होते. कुपने मिळालेल्या गटात २२.५ टक्क्यांनी.

या प्रयोगाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. एक अर्थ असा की गरीब माणसे पैशाने वळतात. हा अर्थ उथळ आहे आणि अपमानकारकही आहे. दुसरा अर्थ असा की व्यसन सोडण्याला किंमत पडते. ती किंमत सोडणारी स्त्री देत असते. समाजाने त्यातील थोडा भाग उचलला तर तिचे पाऊल पुढे पडते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने दुसरा अर्थच टिकणारा आहे. शिवाय हेही नोंदवावे लागेल की साहाय्य मिळूनही शंभरांतील सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर जणींना तंबाखू सोडता आली नव्हती. सवयीची पकड किती घट्ट असते, याची या आकड्यावरून कल्पना यावी.

आपल्याकडे काय दिले जाते?

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला किमान सहा हजार रुपयांचे मातृत्वसाहाय्य मिळण्याचा हक्क दिला. २०१७ साली प्रत्यक्ष योजना आली तेव्हा पहिल्या अपत्यापुरते पाच हजार, तेही हप्त्याहप्त्याने, असे तिचे स्वरूप ठरले. पुढे दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार देण्याची तरतूद झाली. २०१३ चे सहा हजार आणि आजचे सहा हजार यांत किती अंतर पडले आहे, हे बाजारात जाणाऱ्या कोणासही सांगावे लागत नाही. त्याच २०१७ साली प्रसूतीच्या पगारी रजेची मुदत सव्वीस आठवडे झाली. ती संघटित क्षेत्रातील स्त्रीला मिळते. फडावरच्या स्त्रीला पगार नाही, म्हणून पगारी रजाही नाही.

गर्भवती कामगार स्त्रीला प्रसूतीपूर्वी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात मांडले होते. दुसऱ्या वर्षी मुंबई प्रांतात प्रसूती-साहाय्याचा कायदा झाला. तो गिरणीतल्या बाईपर्यंत पोचला. फडावरच्या बाईच्या वाट्याला जवळजवळ शंभर वर्षांनंतरही ती विश्रांती आलेली नाही.

जेथे काही चांगले घडले आहे त्याचीही नोंद केली पाहिजे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात २०१५ सालापासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू झाली. तीत गर्भवतीला अंगणवाडीत एक वेळचे ताजे, गरम, चौरस जेवण मिळण्याची सोय आहे. तंबाखू सोडविण्याच्या दृष्टीने अशा एका ताटाला मोठे मोल आहे, कारण निकोटिनने झोपविलेली भूक जागी झाल्यावर तिच्यापुढे काहीतरी ठेवावे लागते. स्थलांतर करणाऱ्या मजुरांचे दुःख असे की त्यांची नोंद राहते गावच्या अंगणवाडीत आणि बाई असते दोनशे कोसांवरच्या फडात.

विडी वळणाऱ्या स्त्रियांची स्थिती तर याहून विचित्र आहे. सोलापूर, सिन्नर, निपाणी या भागांत हजारो स्त्रियांचा संसार तंबाखूवर चालत आला. तिने मिश्री सोडली तरी सूप मांडीवर असते आणि तंबाखूची धूळ नाकातोंडात जातच राहते. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवून या कामगारांसाठी कल्याण निधी उभारला होता; २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकर गेला. या स्त्रीला 'तंबाखूपासून दूर राहा' म्हणणाऱ्याने आधी दुसरे काम दाखविले पाहिजे.

तोपर्यंत काय?

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मजुरी वाढेल, विश्रांती मिळेल, स्थलांतर थांबेल तेव्हा थांबेल. पोटातले मूल तोपर्यंत थांबणार आहे काय? त्याला नऊ महिन्यांचीच मुदत असते. शिवाय सुखवस्तू घरांतही मिश्री लावली जाते. तेथे भुकेची सबब नाही. म्हणून परिस्थितीकडे बोट दाखवून हातावर हात ठेवून बसणे हाही एक पळपुटेपणाच ठरेल.

आज करता येण्याजोगे पुष्कळ आहे. गर्भवतीची पहिली नोंद होते त्याच दिवशी, आणि पुढच्या प्रत्येक भेटीत, तंबाखूविषयी विचारले जावे. 'तंबाखू खाता का?' असा प्रश्न केल्यास मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते. 'मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा?' असे विचारावे. उत्तर आल्यावर रागावू नये. रागावले की पुढच्या खेपेस खोटे उत्तर मिळते. पहिल्या आठवड्यात आशाताईंच्या दोन-तीन फेऱ्या व्हाव्यात, कारण कसोटी तेव्हाच असते. दाताचा आणि बद्धकोष्ठाचा उपचार त्याच केंद्रात मिळावा. सासूबाईंशी आणि नवऱ्याशी स्वतंत्र बोलावे. घरात डबी फिरती राहिली तर एकट्या सुनेने सोडणे अशक्यप्राय असते, तेव्हा नऊ महिने तवा सर्वांसाठीच चुलीवरून उतरला पाहिजे. एकदा सोडून पुन्हा बोट डबीत गेले तर सारे संपले असे मानू नये. अनेकांची तंबाखू दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात सुटते. बाळंतपणानंतर सवय परत येण्याचा धोका मोठा असतो, म्हणून फेऱ्या प्रसूतीबरोबर थांबू नयेत.

हे सारे काम आशाताईंवर टाकताना एवढे तरी आठवावे की त्या वेतनावर नाहीत, मानधनावर आहेत. एका कष्टकरी स्त्रीच्या आरोग्याचा भार दुसऱ्या कष्टकरी स्त्रीच्या फुकट श्रमावर टाकणे हा काही न्याय नव्हे.

सारांश असा. मिश्री सोडण्याचा निश्चय त्या स्त्रीलाच करावा लागेल. तो दुसरे कोणी करू शकत नाही. निश्चय टिकण्यासाठी पोटभर अन्न, दाताचे औषध, काही आठवडे हलके काम आणि घटकाभर विसावा लागतो. या चार गोष्टी समाजाने द्यायच्या आहेत. त्या देण्याची तयारी नसताना तिच्यासमोर इशाऱ्याचे चित्र धरणे म्हणजे आपली जबाबदारी तिच्या डबीत भरून ठेवणे होय.