२३ जुलै

२३ जुलै ही तारीख महाराष्ट्राच्या स्मरणात प्रथम येते ती लोकमान्य टिळकांच्या जन्मामुळे. १८५६ साली या दिवशी कोकणात जन्मलेल्या या पुरुषाने 'केसरी'च्या द्वारे राजकारण सामान्य रयतेच्या ओसरीपर्यंत नेले, आणि राजद्रोहाच्या खटल्यात झालेली सहा वर्षांची हद्दपारी भोगीत असताना मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' सिद्ध केले. पुढे बरोबर ५० वर्षांनी, १९०६ मध्ये, आजच्या मध्य प्रदेशातील भाबरा येथे क्रांतिकारक चंद्रशेखर आझाद जन्मले.

परंतु आम्हां नभोवाणीच्या सेवकांना विशेष जिव्हाळ्याचा वाटतो तो १९२७ सालचा २३ जुलै. कारण त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'च्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. लोकमान्य १९२० सालीच निवर्तले होते. लोकांशी बोलण्यातच ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचा आवाज या लहरींना लाभला नाही, याची आम्हांस मनापासून हळहळ वाटते. क्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट, रेडिओसंच सामान्य प्रपंचास न परवडणारे, आणि परवान्यांचे उत्पन्न तुटपुंजे, अशा स्थितीत ही खासगी कंपनी १९३० साली बुडाली. तेव्हा सरकारने तिचा कारभार आपल्या अखत्यारीत घेतला, आणि १९३६ मध्ये त्याच सेवेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.