सिलिकॉन एकच, रूपे अनेक

(ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी येथे शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सभेला येताना वाटेत एका शेताच्या धुऱ्यावरून मी ही गारगोटी उचलली. हिच्यात जो सिलिकॉन आहे तोच आपल्या काळ्या मातीत आहे, ज्वारीच्या पानाच्या धारेत आहे आणि सौर पंपाच्या काळ्यानिळ्या पट्टीतही आहे. मग कापसाला सिलिकॉनची पिशवी विकत आणावी का? गेल्या काही हंगामांत हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मला विचारला. एका शेतकऱ्याने तर आणलेली पिशवीच दाखवली. तिच्यावर सिलिकाचे टक्के ठळक छापले होते. पिकाला त्यातील किती लागू पडेल याचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता.

येथे थोडे रसायनशास्त्र सांगावे लागेल, कंटाळू नका. पेन्सिलीतील शिसे आणि हिरा हे दोन्ही कार्बनच. अणूंची मांडणी बदलली की एक बोटाला काळे लावते, दुसरा काच कापतो. सिलिकॉन हा कार्बनचाच भाऊबंद. शुद्ध सिलिकॉनची मांडणी हिऱ्यासारखी असते व तो सौर पट्टीत वापरतात. जमिनीत मात्र तो सुटा सापडत नाही. प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात, तिवईसारखे: तीन पाय खाली, एक टोक वर. या तिवया एकमेकींना कशा जोडल्या जातात, त्यावर पुढचे सारे अवलंबून आहे.

गारगोटीत व वाळूत प्रत्येक तिवई चारही टोकांनी शेजारणीला पक्की बांधलेली असते. म्हणून ती पाण्याला दाद देत नाही. एक लिटर पाण्यात तिची सिलिका सुमारे १० मिलिग्रॅमच विरघळते.

आपल्या काळ्या मातीत तिवया तीन टोकांनी जुळून पापुद्रे झालेले आहेत. असे दोन पापुद्रे आणि मधे ॲल्युमिनियमचा एक थर, अशा चळती एकावर एक रचलेल्या असतात. या खनिजाला माँटमोरिलोनाइट म्हणतात. चळतींच्या मधे पाणी शिरले की माती फुगते, पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात ज्या भेगांत बैलाचा पाय अडकतो, त्या यामुळेच पडतात. ॲल्युमिनियमच्या काही जागी मॅग्नेशियम बसलेले असल्याने या पापुद्र्यांवर ऋण भार राहतो आणि त्याला पालाश, चुना, अमोनिया धरून राहतात. अशा एक ग्रॅम खनिजाचा पृष्ठभाग ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो. कोकणातील जांभ्या जमिनीत मुख्यतः केओलिनाइट असते. त्यात सिलिकाचा एकच पापुद्रा, म्हणून ती ना फुगते, ना अन्नद्रव्ये तितकी धरून ठेवते. वाफसा येण्याआधी औत घालू नका, असे आम्ही वारंवार सांगतो. ओल्या चळती दाबल्या गेल्या की ढेकळे होतात आणि ती फोडण्यात पुढचा आठवडा जातो, हे आपण जाणताच.

आता पिकाकडे येऊ. मुळे सिलिकॉन घेतात तो फक्त विरघळलेल्या सिलिसिक आम्लाच्या रूपात. पानात पोचल्यावर त्याची अस्फटिक सिलिका होते. ज्वारीचे पान हाताला कापते ते यामुळे. भात व ऊस ही गवतवर्गीय पिके तो भरपूर साठवतात. भाताच्या वाळलेल्या पेंढ्यात १० टक्क्यांपर्यंत सिलिका आढळते. त्या मानाने कापूस, तूर, सोयाबीन फार थोडा घेतात. पावसाने सिलिका धुऊन गेलेल्या जांभ्या जमिनीत भाताला सिलिकॉन दिल्यास करपा कमी होतो, खोड ताठ राहते. ताडकळसच्या काळ्या रानात, कापसाला, तोच खर्च प्रथम करावा असे मला वाटत नाही. आधी माती परीक्षण, मग जस्त-गंधकाची उणीव असल्यास ती भरणे. चोपण जमीन असेल तर परीक्षणानुसार जिप्सम. तेथे सिलिकॉनची पिशवी काही करणार नाही.

उसाचे निराळे. ऊस दरवर्षी जमिनीतून बराच सिलिकॉन उचलतो आणि त्यातला मोठा वाटा पाचटात असतो. पाचटातील सिलिका अस्फटिक, म्हणजे तिवया अस्ताव्यस्त जोडलेल्या. अशी सिलिका एक लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅमहून अधिक विरघळते, गारगोटीच्या दहापट. पाचट सरीत दाबले तर ती फुकट परत मिळते. जाळल्यास राखेत सिलिका उरते खरी, पण सेंद्रिय पदार्थ आणि बहुतेक नत्र धुरावाटे जाते.

तरीही कोणाला पिशवी घ्यायचीच असेल तर दुकानदाराला एवढेच विचारा: यात विद्राव्य सिलिकॉन किती? एकूण सिलिका नको, ती बारीक दळलेल्या वाळूतही नव्वद टक्क्यांवर असू शकते. शिवाय सगळ्या रानात टाकू नका. चार तासांत टाका, शेजारचे चार तास तसेच ठेवा, वेचणीचा कापूस वेगळा तोला. ते वजन मला जरूर कळवा, मग पुढच्या हंगामात आपण त्या आकड्यांवरच बोलू.