वीणेची दांडी, जवसाचे तेल आणि तीन चिंध्या



आज आम्ही बचतीबद्दल बोलणार नाही. लाकडाला तेल कसे लावायचे, ते सांगणार आहोत. ऐकायला सोपे वाटेल. आम्हालाही तसेच वाटले होते. पण त्या नादात आमची वीणा बिघडता बिघडता राहिली आणि एका मैत्रिणीच्या घराला आग लागता लागता वाचली.

आमच्या गटाचे भजनी मंडळ आहे. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. यंदा पहाटेचा पहारा आम्ही मागून घेतला. "बायकांना झेपेल का?" असे काहींनी विचारलेही. म्हणून वीणा आपली स्वतःची हवी, असे ठरले. गावातल्या सुतारदादांनी जुन्या सागवानी तुळईतून दांडी घडवून दिली. भोपळा पंढरपूरकडून आणला. दांडीला तेल लावायचे काम आम्ही आमच्या अंगावर घेतले. तेवढीच मजुरी वाचली.

वार्निश का नको? वार्निशचा थर लाकडाच्या वर बसतो. हाताला घाम आला की तो चिकटल्यासारखा लागतो. तेल लाकडात मुरते, हात सहज सरकतो. गिटार बनवणारे काही कारागीरही याच कारणासाठी गिटारच्या मानेला तेलच लावतात.

आता तेल कोणते? शेंगदाण्याचे नको, खोबरेलही नको. ती तेले वाळत नाहीत. लाकूड तेलकट राहते, धूळ धरते, वास मारू लागते. जवसाचे तेल मात्र हवा लागून घट्ट होते. घाण्यावरचे कच्चे तेल वाळायला फार दिवस घेते. हार्डवेअरच्या दुकानात अळशीचे उकळलेले तेल मिळते, ते लवकर वाळते. पण बायांनो, त्यात वाळवणारी औषधे घातलेली असतात. ते खायचे तेल नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि स्वयंपाकघरात ठेवूच नका.

आमची पहिली चूक अशी झाली. केसांना चोपडावे तसे आम्ही दांडीला तेल चोपडले आणि तसेच ठेवून दिले. जास्त लावले तर जास्त मुरेल, असे वाटले. चार दिवस झाले तरी दांडी गुळाच्या ढेपेसारखी चिकट. सप्ताह अकरा दिवसांवर आला होता. सुतारदादांनी पाहिले आणि म्हणाले, "ताई, तेल लावायचं असतं ते पुसण्यासाठी." टर्पेंटाइनच्या फडक्याने सगळे पुसून काढले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता बरोबर रीत ऐका. आधी पॉलिश पेपर घ्या. १२० नंबर, मग १८०, मग २२०. लाकडाच्या रेषा जशा जातात तसेच घासायचे, आडवे नाही. मग ओल्या फडक्याने दांडी पुसा आणि वाळू द्या. लाकडाचे बारीक केस उभे राहतील. ते ३२० नंबरने हलक्या हाताने काढा. भुसा झटकून घ्या. जिथे सरस लावून जोड द्यायचा आहे, तिथे आधी तेल लावू नका. तेलावर सरस धरत नाही.

मग फडक्यावर थोडेसेच तेल घेऊन चोळा. पंधरा-वीस मिनिटे थांबा. कोरड्या कपड्याने सगळे पुसून काढा. हाताला ओले लागता कामा नये. दुसरा हात किमान एक दिवसाने द्या, हवा दमट असेल तर आणखी थांबा. सागाच्या लाकडात स्वतःचे तेल असते, म्हणून आम्ही दोन-दोन दिवस थांबलो. असे तीन हात दिले.

आता सगळ्यात महत्त्वाचे. हातातले काम बाजूला ठेवून ऐका.

दुसऱ्या हाताच्या दिवशी पुसलेल्या तीन चिंध्या आम्ही चुरगाळून घमेल्यात टाकल्या. घमेले पडवीत होते, शेजारी कडबा. तिन्हीसांजेला घरातल्या आजी म्हणाल्या, "काय गं जळतंय?" पाहतो तर घमेल्यातून धूर. मधली चिंधी काळी पडलेली. काडी कोणी ओढली नव्हती, चूलही लांब होती. पाणी ओतले, म्हणून निभावले.

असे का झाले? जवसाचे तेल वाळताना तापते. कापड पसरलेले असेल तर ऊब निघून जाते. बोळा करून ठेवले तर ती आत कोंडते. ओला कडबा रचला की गंजी आतून तापते, तसेच हे. वाढत वाढत पेट घेते.

म्हणून चिंध्यांचा बोळा करायचा नाही, ढीग लावायचा नाही. एकेक चिंधी उघड्यावर, घरापासून आणि चाऱ्यापासून दूर पसरून ठेवायची. पुठ्ठ्यासारखी कडक होईपर्यंत तिथेच राहू द्यायची. नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. मुलांचा हात पोहोचेल अशी जागा नको.

सप्ताह पार पडला. सातही पहाटे वीणा आमच्या गळ्यात होती. दांडी कुणाच्याच हाताला चिकटली नाही. उरलेल्या तेलातून आम्ही गटातल्या सगळ्यांच्या खुरप्यांच्या मुठी याच रीतीने केल्या. खुरपणीला हाताला फोड कमी येतात, हे तुम्हीही करून पाहा.

तेल थोडे लावा, पुसून काढा, वाट पाहा. आणि चिंधी पसरून ठेवा. शेजारणीलाही सांगा.

राम कृष्ण हरी.